झाकणाची बिजागरी

बार्शी

चि. बाळ,

तुझं पत्र आणि सोबतचं तुटकं झाकण, दोन्ही पोचलं. तुमच्या पथकाच्या डार्ट गनवरच्या स्कोपची झाकणं टिकत नाहीत, एक मोसमही धड जात नाही, तेव्हा कुठलं घ्यावं असं विचारलं आहेस. तुझ्या साहेबांना हा किरकोळ खर्चातला प्रश्न वाटतो, असंही लिहिलंस. मला तो तसा वाटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडं वाघ आला तेव्हा तू दुसऱ्या भागात होतास, मी इथंच होतो. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला, तेव्हा बार्शीत कुणाचा विश्वास बसेना. यवतमाळच्या टिपेश्वरचा तरणा नर, पाचशेच्या आसपास किलोमीटर चालून आलेला. येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं, वाघ त्यात मावणार कसा? तो बार्शी तालुक्यात उतरला, गुरं मारू लागला. रात्रीची लाइट, ज्वारीला पाणी द्यायला रानात जायचं तर चार माणसं सोबत घेऊन. जानेवारी २०२५ मध्ये त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं ठरलं. ताडोब्याकडचं पथक आलं, पुण्याचं आलं, वाघ हुलकावणी देत राहिला. बालाघाटचा डोंगर आणि खाली डोक्याएवढी उभी ज्वारी, त्यात तो सापडणं मुळातच अवघड होतं. झाकणामुळं तो निसटला असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण त्या दिवसांत बांधावर उभं राहून मी जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट पक्की झाली: तुमच्या कामात बंदूक रोखायची वेळ फार थोडी येते आणि आली की काही सेकंदांची असते.

हे तुला मी सांगायला नको, पण साहेबांना सांगताना उपयोगी पडेल. तुमची बंदूक हवेच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर बेशुद्धीच्या औषधाची सुई फेकते. गोळीपुढं ती फारच सावकाश जाते, वाऱ्यानं ढळते, थोड्या अंतरातच खाली बसते. त्यामुळं वीस-तीस मीटरवर यावं लागतं, अंतर मोजून दाब लावावा लागतो आणि मांडीच्या नाहीतर खांद्याच्या जाड स्नायूतच सुई बसवावी लागते. पोटात लागली तर जनावर जिवानिशी जाऊ शकतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी आणायची, डॉक्टर, पिंजरा, गाड्या, उतारा सगळं जमवायचं, आणि ऐन वेळी स्कोपमधून बघावं तर भिंगावर दवाचा पडदा! मग बाहीनं पुसायचं. तेवढ्यात वाघ उठून गेलेला असतो.

आणि बाहीनं पुसणं हे तर भिंगाच्या मुळावर येणारं. भिंगावर चकाकी कमी करणारा अतिशय पातळ लेप असतो. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेहून कठीण. कोरड्या कापडानं घासलं की तेच कण भिंगावर फिरतात. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या दुर्बिणींची भिंगं पडून फुटलेली क्वचितच असतात. बहुतेक पुसून पुसून आंधळी झालेली असतात. पहाटेच्या उजेडात अशा भिंगातून पाहिलं की सगळं पांढुरकं दिसतं. सूर्य समोर असला तर काहीच दिसत नाही. आधी रबरी फुंकणीनं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी गरज पडली तरच भिंग साफ करायचा द्रव. पथकातल्या प्रत्येकाला हे सांग.

आता तू पाठवलेलं झाकण. ते मी घड्याळ दुरुस्तीच्या भिंगाखाली धरून नीट बघितलं. झाकणाच्या प्लास्टिकला काहीच झालेलं नाही. चीर गेली आहे ती बिजागरीच्या पिनेच्या भोकापासून. पिनेभोवती बारीक काळी धूळ तेलात मिसळून कानशीसारखी बसली आहे, कुणीतरी तिथं तेल सोडलं असणार. त्या धुळीनं भोक रुंदावलं, झाकण डुलायला लागलं, आणि स्प्रिंगचा सगळा ताण भोकाच्या एकाच कडेवर आला. वरून आमचं ऊन. एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर पारा आणि जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बंदूक. साधं प्लास्टिक ठिसूळ होतं, रबर चिकट होतं, मग तडकतं. तेव्हा बिजागरीला तेल कधीही नको. धूळ ब्रशनं झटकायची, बस.

घेताना आधी बिजागरीच बघ. पिन स्टीलची आणि आरपार गेलेली हवी. प्लास्टिकचाच पातळ पट्टा वाकवून केलेली बिजागरी नको. झाकण उघडं धरून बाजूला हलवून बघ, डुललं तर तिथंच परत दे. खटका अंगठ्यानं हातमोज्यातूनही दाबता यावा, पण झुडपाला घासून आपोआप उघडू नये. आणि आवाज! स्प्रिंगचं झाकण टपकन उघडून स्कोपच्या नळीवर आपटतं. वीस मीटरवरच्या वाघाला ते ऐकू येणारच. त्यामुळं उघडताना बोट लावून सावकाश सोडायची सवय सगळ्यांना लाव, नाहीतर स्प्रिंगऐवजी घट्ट बिजागरीचं, ठेवू तिथं राहणारं झाकण घे. तुमच्या कामाला मी हे दुसऱ्या प्रकारचंच पसंत करीन.

माप घेताना बहुतेक जण फसतात. स्कोपवर ४० लिहिलेलं असतं ते पुढच्या भिंगाचं माप, मिलिमीटरमध्ये. झाकण बसतं ते बाहेरच्या नळीवर, आणि ती चांगली काही मिलिमीटर मोठी असते. ४० बघून झाकण मागवलंस तर ते बसणारच नाही. डोळ्याकडची बाजू आणखी त्रासाची. काही स्कोपमध्ये प्रतिमा मोठी-लहान करताना डोळ्याकडचा सगळा भागच फिरतो. तिथं झाकण लावलं की तेही फिरतं आणि उघडलेलं पान नेमकं गालाशी किंवा हाताशी येतं. तसं असेल तर मागं साधं रबरी टोपण दोरीनं बांधून ठेव.

पुढच्या बाजूला मात्र अॅल्युमिनियमचंच घे, आट्यांवर बसणारं. बऱ्याच स्कोपच्या तोंडाशी आतून आटे पाडलेले असतात, ऊन अडवणारी नळी लावायला. त्यात बसलेलं झाकण निसटत नाही, ढिलं होत नाही. आटे मात्र कंपनीगणिक वेगळे. दोन पैसे जास्त पडतील, पण प्लास्टिकची वारंवार बदलण्यापेक्षा स्वस्तच. रंग काळा मॅट हवा, चकचकीत नको. तयार मिळालं नाही तर आपल्या इथला लेथवाला आट्यांचं कडं करून देईल. बिजागरी मी बसवीन, तेवढं काम या वयातही हातानं होतं.

सुट्या टोपणांच्या भानगडीत मात्र पुन्हा पडू नकोस. सुटं टोपण पहिल्या दिवशी खिशात जातं आणि दुसऱ्या दिवशी ज्वारीत.

साहेबांना एवढंच सांग की टिपेश्वरहून निघालेले वाघ थांबणार नाहीत. २०१९ मध्ये तिथलाच एक वाघ हजाराहून जास्त किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला, दुसरा आपल्या बालाघाटात आला. पुढचा येईल तेव्हा सुई मारणाऱ्याच्या डोळ्यापुढं भिंग स्वच्छ असलं पाहिजे.

पुढच्या तोंडाचा बाहेरचा व्यास आणि आतले आटे व्हर्नियरनं मोजून लिहून पाठव, स्कोपच्या तोंडाचा जवळून काढलेला फोटोही पाठव. अंदाजे माप नको. ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा