बांध कोणी वाढवला?

इंग्रजीत 'लिंचेट' असा एक शब्द आहे. चांगले इंग्रजी जाणणाऱ्यांनाही तो सहसा ठाऊक नसतो. मला तो एका जुन्या पुस्तकात भेटला आणि माझी एक चूक ध्यानात आली.

नोकरीतली माझी पहिलीच वर्षे होती. उतारावरच्या एका गावात दोन भावांचा तंटा होता. वरचे वावर थोरल्याचे, खालचे धाकट्याचे. मधला बांध वडिलांच्या वेळी गुडघ्याएवढा होता, तो आता खालून पाहता कमरेला लागत होता. धाकट्याच्या बाजूला बांधालगत मुरूम उघडा पडला होता. "साहेब, दादानं माझी माती वर ओढली," असे तो म्हणे. मी पदवीच्या तोऱ्यात बोलून गेलो, "मातीला काही पाय फुटत नाहीत. कुणीतरी बांध कोरलेला दिसतो." झाले! प्रकरण कोर्टात गेले. दिवाळीचा फराळही या घरचा त्या घरी जाईना.

पुढे काही वर्षांनी तो शब्द वाचला. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट, विल्टशायर भागात चुनखडीच्या टेकड्या आहेत. तिथे उतारावर जुन्या पायऱ्या दिसतात, त्यांना लिंचेट म्हणतात. काही तर दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. १९२८ साली क्रॉफर्ड आणि किलर यांनी विमानातून काढलेल्या छायाचित्रांचे पुस्तक काढले, त्यात अशा जुन्या शेतांच्या खुणा स्पष्ट दिसतात. जुन्या इंग्रजीत 'ह्लिंक' म्हणजे उंचवटा, बांध. त्यावरून हा शब्द आला.

या पायऱ्या बहुतेक कोणी मुद्दाम बांधल्या नाहीत. उतारावर नांगर चालला की दर खेपेला माती थोडी खाली सरकते. पाऊस त्यात भर घालतो. वावराच्या खालच्या कडेला, न नांगरलेल्या पट्टीशी, ती अडते आणि साचते. त्याच कडेच्या खाली दुसऱ्याचे वावर सुरू होते. तिथली माती खाली निघून जाते, म्हणून तिथे खोलगट होते. वर भर, खाली झीज. पायरी दोन्हीकडून वाढते.

मी तसाच त्या गावी गेलो. दोघांना बांधावर बोलावून म्हणालो, "चूक माझी. बांध कुणी कोरला नाही." मग धाकट्याला त्याच्याच वावराच्या खालच्या टोकाला नेले. कुदळ मारली. हातभर खोल गेले तरी काळी मातीच लागत होती. त्याची माती त्याच्याच रानात होती!

धाकटा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, हे तवाच सांगायचं हुतं. कोर्टापायी बैलजोडी इकली मी."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोरला म्हणाला, "माझी गाडी-बैलं ने. उन्हाळ्यात माती वर वाहू."

तेव्हापासून मी गावोगाव सांगतो : उताराला आडवे नांगरा. पलटी नांगर असेल तर तास चढाकडे पलटवा. बांधावर गवत राखा. आणि बांधावरून भावाशी भांडण्यापूर्वी आपल्याच वावराच्या खालच्या कडेला एकदा कुदळ मारून पाहा.