गाडी हातोहात जाते, पत्र मागे राहते



एडिसनमधल्या आपल्या बहुतेक घरांत दोन वस्तू नव्याकोऱ्या येत नाहीत. एक पोळपाट-लाटणे आणि दुसरी पहिली गाडी. पोळपाट आईच्या घरून बॅगेत बसून येतो आणि गाडी येते टेक्सासला किंवा कॅलिफोर्नियाला बदली झालेल्या एखाद्या कुटुंबाकडून. ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात चिठ्ठी लागते, मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत बोलणे होते आणि रविवारी सकाळी सौदा ठरतो. पूर्वी अशी गाडी म्हणजे कॅमरी नाहीतर सिव्हिक असे. आता आई-वडिलांना चढ-उतार करायला बरी पडते आणि बर्फात धीर वाटतो म्हणून छोटी एसयूव्ही घेण्याकडे कल आहे.

आम्ही मंडळाचे स्वयंसेवक असल्याने अशा बऱ्याच सौद्यांना हजर असतो. सगळे अगदी रीतसर होते. किती मैल झाले ते बघतात, टायरमध्ये नाणे घालून खोली मोजतात, बॉनेट उघडून आत काही कळत असल्यासारखे पाहतात. नंतर नारळ फुटतो आणि चाकाखाली लिंबे जातात. एकच प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: "या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का?"

याला कारण आहे. 'रिकॉल' या शब्दाचे आपण मनात 'परत मागवणे' असे भाषांतर करतो. मग विकणाऱ्याला वाटते, हे सांगितले तर गिऱ्हाईक पळेल. घेणाऱ्याला वाटते, विचारले तर गाडी हातची जाईल. प्रत्यक्षात गाडी सहसा कोणी परत घेत नाही. सुरक्षेला बाधक असा दोष आढळला की कंपनीने तो मालकाला कळवायचा आणि फुकट दुरुस्त करून द्यायचा, इतकाच त्याचा अर्थ. मालक पहिला असो वा पाचवा, हक्क तोच, कारण रिकॉल माणसाचा नसतो, गाडीचा असतो. गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षांपर्यंत ही फुकट दुरुस्ती कायद्याने बांधलेली आहे. आपल्याकडे सरकारला असा अधिकार मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला, म्हणून ही सवय आपण घरून घेऊन आलेलो नाही. अमेरिकेत तो कायदा १९६६ चा आहे. त्याचे काम पाहणाऱ्या खात्याचे नाव लांबलचक आहे: नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन. इथले लोक आद्याक्षरे जुळवून त्याला 'निट्सा' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

या विषयाशी आपल्या गावाचे नाते जुने आहे. रूट १ वर फोर्डचा मोठा कारखाना होता. तो १९४८ साली सुरू झाला आणि २००४ मध्ये बंद पडला. आता तिथे दुकाने आहेत. त्या कारखान्यात 'पिंटो' नावाची छोटी गाडीही बनत असे. मागून धडक बसली की तिची पेट्रोलची टाकी फुटून आग लागण्याचा धोका होता. लोकांनी आणि ग्राहक-संस्थांनी आवाज उठवल्यावर १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांचा रिकॉल झाला. म्हणजे रिकॉल ही काही दूरच्या डेट्रॉइटची गोष्ट नाही, आपल्या रोजच्या रस्त्यावरची आहे.

आता थोडे आमच्या धंद्यातले. आम्ही रसायनशास्त्राचे. त्यामुळे टकाटा कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण आम्ही जरा जास्तच बारकाईने वाचले. एअरबॅग फुगवायला एका धातूच्या डबीत वड्या असतात. त्या क्षणार्धात जळून वायू तयार होतो. टकाटाने या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरले. हा पदार्थ स्वस्त, पण स्वभावाने नाजूक. हवेतला ओलावा तो ओढून घेतो आणि साधारण ३२ अंश सेल्सियसच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचनाच बदलते. हा बदल टाळायला त्यात स्थिर करणारे पदार्थ घातले होते, पण अनेक डब्यांत ओलावा शोषून घेणारी पुडी नव्हती. वर्षानुवर्षे दिवसा तापणे, रात्री निवणे आणि आत शिरणारा दमटपणा यांमुळे वड्या हळूहळू सच्छिद्र होत गेल्या. सच्छिद्र वडी ठरल्यापेक्षा झपाट्याने जळते, दाब वाढतो आणि डबीच फुटून तिचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. जीव वाचवायला बसवलेली वस्तू जीव घेते. अमेरिकेत अशा किमान २८ मृत्यूंची नोंद आहे आणि सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग रिकॉलमध्ये आल्या. इथला हा आजवरचा सर्वांत मोठा रिकॉल. टकाटाने २०१७ च्या जानेवारीत फसवणुकीचा गुन्हा मान्य करायची तयारी दाखवली आणि त्याच जूनमध्ये दिवाळे काढले.

या यादीत छोटी एसयूव्हीही होती. होंडाच्या २००१ ते २००३ मधल्या काही गाड्यांत बसवलेल्या एका जातीच्या डबीबद्दल निट्साने २०१६ मध्ये सांगितले की चाचण्यांत ती फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत गेली. त्यांत २००२ ची सीआर-व्ही होती. पहिला रिकॉल झाला २००८ मध्ये. तरीही २०२३ च्या फेब्रुवारीत होंडाला सुमारे ८,२०० मालकांना 'ही गाडी चालवूच नका' असे पुन्हा बजावावे लागले. दुरुस्ती फुकट आणि इतकी वर्षे बोभाटा, मग या गाड्या राहिल्या कशा? गाडी हातोहात फिरत गेली की पत्र मागे राहते. फ्लोरिडाच्या दमट उन्हात दहा वर्षे काढलेली गाडी आज न्यू जर्सीत तिसऱ्या मालकाकडे असू शकते आणि त्या मालकाला यातले काहीही ठाऊक नसते.

पत्र मागे कसे राहते ते आम्ही गेल्या जानेवारीत जवळून पाहिले. आमच्या अपार्टमेंटच्या पत्रपेटीत एक पाकीट आले. नाव आमच्या आधी इथे राहणाऱ्या मुलाचे, पाकिटावर लाल रंगात सुरक्षा-रिकॉलची सूचना. दुसऱ्याचे टपाल उघडणे इथे गुन्हा आहे, म्हणून सभासद-यादीतून त्याचा नंबर काढून फोन केला. तो डॅलसला पोहोचला होता. म्हणाला, "दादा, तुम्हीच वाचून सांगा ना." वाचले. ब्रेकच्या एबीएस युनिटमध्ये शॉर्टसर्किट होऊन, गाडी बंद असतानाही आग लागू शकते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करावी. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. तो मुलगा म्हणाला, "पण ती गाडी तर मी विकली!"

त्याने ती आयसेलिनच्या एका जोडप्याला दिली होती. कंपनीकडची यादी बहुधा त्याआधीची असावी. जोडप्याला फोन केला तर ते सिॲटलला गेलेले, आणि जाताना गाडी पिस्कॅटवेच्या एका कुटुंबाला देऊन गेलेले. म्हणजे वर्षभरात तीन मराठी घरे झाली आणि पत्र अजून आमच्या टेबलावरच होते. आमच्या सौ. म्हणाल्या, "आता उद्यावर नका टाकू." रात्री साडेनऊला पिस्कॅटवेला फोन लावला. गृहस्थ भले होते, पण त्यांचा विश्वास बसेना. "अहो, गाडी लोण्यासारखी चालते. गेल्याच महिन्यात इन्स्पेक्शन पास झाली." गाडी कुठे उभी असते असे विचारले, तर घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये. गॅरेजच्या वर कोण झोपते? साताऱ्याहून आलेले आई-वडील आणि त्यांच्याजवळ चार वर्षांची नात.

आम्ही समजावू लागलो. ब्रेकचे तेल पाणी ओढणारे असते, ते झिरपून विजेच्या पट्टीवर गेले तर काय होते, वगैरे. फोन स्पीकरवर होता. मध्येच मागून आजींचा आवाज आला, "अरे, आधी गाडी बाहेर काढ, मग काय ते शास्त्र ऐक." त्या रात्री गाडी बाहेर गेली. पार्ट यायला दहा आठवडे लागले. तोवर ते रोज सकाळी बर्फ खरवडत राहिले आणि आमच्या नावाने थोडे बोटेही मोडत असतील. दुरुस्तीला तासभर लागला, बिल शून्य. आग लागली नाही. गोष्ट एवढीच.

त्या गृहस्थांचा इन्स्पेक्शनवरचा भरवसा मात्र आपल्यापैकी अनेकांचा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. न्यू जर्सीत ऑगस्ट २०१० पासून खासगी गाड्यांच्या इन्स्पेक्शनमध्ये ब्रेक, स्टिअरिंग वगैरे तपासत नाहीत. धूर आणि प्रदूषणाशी संबंधित गोष्टीच पाहतात. काचेवरचा स्टिकर म्हणजे गाडीच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. दुसरे असे की, नव्या गाडीवर रिकॉल बाकी असेल तर दुरुस्तीआधी ती ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही, आणि मोठ्या भाड्याच्या कंपन्यांनाही २०१६ पासून अशी गाडी भाड्याने देता येत नाही. पण जुनी गाडी विकणाऱ्या डीलरवर केंद्रीय कायद्याचे तसे बंधन नाही. राज्याचा जुन्या गाड्यांचा 'लेमन लॉ' आहे, पण तो डीलरकडून घेतलेल्या आणि ठरावीक वयाच्या, मैलांच्या व किमतीच्या गाड्यांपुरता. चहाच्या रांगेत ठरलेला आपला सौदा त्यात बसत नाही. तिथे आपणच एकमेकांचे राखणदार.

आता तक्रारीविषयी. रिकॉल आकाशातून पडत नाही. अनेकदा त्याआधी मालकांच्या तक्रारी साठलेल्या असतात. आपण 'जाऊ दे' म्हणणारी माणसे. व्हिसावर आहोत, कशाला सरकारदरबारी नाव? पण निट्साला तक्रार करताना नागरिकत्व कोणी विचारत नाही आणि लोकांना दिसणाऱ्या नोंदीत तक्रारदाराचे नाव नसते. आमची स्वतःची छोटी एसयूव्ही सिग्नलला दोनदा बंद पडली. सर्व्हिस सेंटरने 'संगणकात काही दिसत नाही' म्हणून परत पाठवली. त्या संध्याकाळी आम्ही तारीख, मैल, वेग आणि हवामान यांसह तक्रार लिहिली. पंधरा मिनिटे लागली. तिचे पुढे काय होईल ते होवो. आमच्यासारखा अनुभव आलेल्या दहाव्या माणसाला ती सापडेल.

दुसऱ्यांच्या तक्रारी वाचताना मात्र थोडे तारतम्य हवे. जी गाडी जास्त खपते तिच्या तक्रारीही जास्त असणार. नुसती संख्या पाहून घाबरू नये. एकच भाग, साधारण तेच मैल, तीच परिस्थिती असे पुन्हा पुन्हा दिसले तर कान टवकारावेत. शिवाय प्रत्येक तक्रारीचा रिकॉल होत नाही. २०१७-१८ च्या सीआर-व्हीच्या दीड लिटर टर्बो इंजिनात थंडीत आणि छोट्या फेऱ्यांत पेट्रोल इंजिनच्या तेलात मिसळते अशा तक्रारी आल्या. त्यावर होंडाने अमेरिकेत वॉरंटी वाढवून दिली. अशी माहिती रिकॉलच्या यादीत मिळत नाही, मालकांच्या बोलण्यातच मिळते. म्हणून गाडी घेताना दोन्ही पाहावे आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला एकदा गाडीखाली शिरू द्यावे.

करायचे काय ते थोडक्यात. चालकाच्या बाजूला समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात १७ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्याला 'व्हिन' म्हणतात. रजिस्ट्रेशनवरही तो असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, तेव्हा गोल दिसले तर ते शून्य समजावे. तो क्रमांक निट्साच्या संकेतस्थळावर घालावा किंवा ८८८-३२७-४२३६ वर फोन करावा. वर्षातून दोनदा, घड्याळ मागेपुढे करतो त्या दिवशी केले तर विसरायला होणार नाही. घर बदलल्यावर आठवड्याच्या आत मोटार व्हेइकल कमिशनला पत्ता कळवावा; तो नियमच आहे. पार्ट आला नसेल तर दर महिन्याला सर्व्हिस सेंटरला फोन करावा, आणि 'चालवू नका' किंवा 'बाहेर उभी करा' असे लिहिले असेल तर ते शब्दशः पाळावे.

आणि एक विनंती. यापुढे मंडळाच्या फलकावर गाडी विकायची चिठ्ठी लावताना किमतीखाली एक ओळ लिहावी: रिकॉल पाहिला तो दिनांक आणि बाकी काय आहे ते. गाडी घेणारा बहुधा नुकताच नेवार्कला उतरलेला असतो. त्याला इथले काही माहीत नसते, माहीत असते ते एवढेच की समोरचा माणूस आपल्यातला आहे. ज्यांना जमत नसेल त्यांनी कोजागिरीच्या कार्यक्रमाला येताना व्हिन एका कागदावर लिहून आणावा. दुधाच्या पातेल्याशेजारी आम्ही एक टेबल मांडून बसणार आहोत. दोन मिनिटांचे काम आहे. दूध आटेपर्यंत सगळ्यांचे उरकेल.



— मंडळाचे एक स्वयंसेवक, एडिसन