दारव्हा की वाकड?



मुलाने वाकडला आमच्यासाठी खोली तयार करून ठेवली आहे. यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून त्याचा आग्रह वाढलाय आणि त्यात खोटं काही नाही. रात्री छातीत दुखलं तर दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. तिथे सोसायटीच्या शेजारीच दवाखाना. कॉमर्सची जुनी सवय, म्हणून वहीत जमा-नावे मांडून बसले.

जमेला डॉक्टर, नातू आणि मे महिन्यातल्या ४४ अंशांतून सुटका. एक गंमतही सापडली. आपण पूर्वेला, म्हणून पुण्याकडे सूर्य साधारण पाव तास उशिरा मावळतो. चौविहाराला तेवढी सवड! (उगवतोही उशिराच, म्हणजे नवकारसीचा चहाही लांबला.) पण मुलगा हिंजवडीहून येतो साडेआठला, तोवर आमची ताटं धुऊन पालथी. मागे महिनाभर राहिले, तर रविवार सोडून एकदाही त्याच्यासोबत जेवले नाही.

आणि गोचरी? इथे विहारातल्या साध्वीजी थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात. लिफ्ट न वापरता सतराव्या मजल्यावर कशा येतील? आमच्या गल्लीत जैनांची तीनच घरं उरली. आमचं बंद झालं की दोन. ही रक्कम कोणत्या खात्यात टाकू, कळेना.

यांनी वही पाहिली, चष्मा पुसला. म्हणाले, "चातुर्मास इथेच करू."

मुलाला अजून फोन केलेला नाही.