सेल बदलून बघितला का?

मामाचा यशिका कॅमेरा माझ्या मामेभावाच्या मुंजीत 'गेला', हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. मांडवाबाहेर उन्हात काढलेले फोटो झकास आले आणि आतले, म्हणजे मातृभोजन, होम, भिक्षावळ, सगळे काळोखात बुडाले. मामा मर्चंट नेव्हीत होता. कॅमेरा त्यानं सिंगापूरहून आणलेला. एवढी मोठी लेन्स असताना फ्लॅश कशाला लावायचा, हा त्याचा बाणा. मुंजीचा रोल धुऊन आला आणि मामानं कॅमेऱ्यावर कायमची फुली मारली. तो गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात गेला, तो थेट मामीनं घर आवरायला काढलं तेव्हाच खाली उतरला.

"घेऊन जा गं, शोकेसमध्ये छान दिसेल," मामा म्हणाला.

"सेल बदलून बघितला होतास का?"

"सेल कशाला? शटर तर वाजत होतं की!"

सगळी मेख या उत्तरात आहे. यशिका इलेक्ट्रो ३५ मालिकेतलं जीएसएन हे १९७३ सालचं मॉडेल. लेन्स ४५ मिलिमीटरची, एफ १.७. छिद्र किती उघडायचं ते आपण ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो, अगदी ३० सेकंदांपासून १/५०० सेकंदापर्यंत. तो वेळ मोजायचं काम विजेवर चालतं. सेल मेला तरी शटर उघडतं आणि वाजतंही. फक्त त्याला थोपवून धरणारं कोणी उरत नाही, म्हणून ते दर वेळी सगळ्यात वेगानं, १/५००नं मिटतं. भर उन्हात तेवढा वेळ पुरतो. होमाच्या धुरात, चाळीसच्या बल्बखाली कसा पुरणार? मुंजीचा अल्बम मी पुन्हा काढून बघितला तर निदान त्यातच लिहिलेलं होतं: बाहेरचे सगळे ठीक, आतला एकही नाही.

मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. त्यामुळे घरात मल्टिमीटर आहे आणि गंजलेल्या टोकांची किळस नाही. यशिकाच्या तळाला सेलचं झाकण असतं, नाण्यानं फिरवायचं. ते जाम झालं होतं. अशा वेळी जोर लावला तर खाच घासते आणि मग झाकण जन्मात निघत नाही. खाचेत घट्ट बसेल असं जाड नाणं घ्यायचं, झाकणाच्या कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडायचा, तासभर थांबायचं. निघालं. आत पाऱ्याचा जुना सेल होता, त्याच्या बुडाशी पांढरं-हिरवं पीठ, आणि तेच पीठ संपर्काच्या पत्रीवर.

हा सेल कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. मी तो झाकणाच्या बाटलीत घालून ई-कचरा गोळा करणाऱ्या संस्थेकडे दिला. आतली पत्री साफ करायला कानात घालायची काडी आणि पांढरं व्हिनेगर. काडी नुसती ओलसर हवी. थेंब ओघळून आत गेला तर आणखी घोळ. व्हिनेगर हे अल्कलाइन सेलच्या गळतीवरचं औषध. त्यातून बाहेर येतं ते अल्कली, आंबटानं ते मरतं आणि बारीक फसफसतं. माझ्या पत्रीवर फारसं काही फसफसलं नाही, पण मळ सुटला. मग अल्कोहोलची काडी, मग शाळेतलं साधं खोडरबर. खालचं पितळ चमकायला लागलं. मल्टिमीटरची एक पिन पत्रीवर आणि दुसरी आतल्या तारेच्या टोकाशी लावली, तर बीप आला. तार शाबूत होती. पुष्कळदा ती नसते. गळलेलं रसायन तारेच्या वेष्टनातून वर चढतं आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तार आतून काळी पडून तुटते.

आता नवा सेल. इथे इतिहास आडवा येतो. या कॅमेऱ्याला ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, पीएक्स ३२. पाऱ्याचा सेल सॅम्युअल रुबेन या अमेरिकन संशोधकानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी उपकरणांसाठी वापरात आणला. त्याचा मोठा गुण म्हणजे सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत एकच दाब, एका घटाला १.३५ व्होल्टच्या आसपास, आणि मग एकदम मान टाकायची. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कॅमेरेवाल्यांनी या भरवशावर आपली मीटरं बेतली. पुढे पाऱ्याचं विष लक्षात आलं. अमेरिकेनं १९९६मध्ये कायदा करून हे सेल विक्रीतून हटवले. पाऱ्यावरचा जागतिक करार २०१३चा, त्यात भारतही २०१८मध्ये सामील झाला. या कराराला नाव मिनामाताचं, पाऱ्याच्या विषबाधेनं उद्ध्वस्त झालेल्या जपानी गावाचं. आणि हे सेल लागायचे ते कितीतरी जपानी कॅमेऱ्यांना.

तर पर्याय काय? ६ व्होल्टचा ४एलआर४४. दाब थोडा जास्त, पण यशिकाला तो चालतो. लांबी मात्र बरीच कमी, साधारण दोन सेंटिमीटरची पोकळी उरते. ती स्प्रिंगनं भरायची आणि सेल डुगडुगू नये म्हणून भोवती पुठ्ठ्याची नळी. मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. दुकानदारानं क्षणात एक गुटगुटीत सेल पुढे ठेवला. "हाच तो मॅडम, रिमोटचा." त्याच्यावर बारीक अक्षरात २३ए लिहिलेलं होतं. तो दिसायला भावंड वाटतो, पण आहे १२ व्होल्टचा. पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या सर्किटला दुप्पट दाब दिल्यावर काय राहील? "नको, एलआर४४चे चार सुटे द्या," म्हटलं. घड्याळाचे ते बटणासारखे सेल, एकावर एक चार रचून कागदात घट्ट गुंडाळले की झाले ६ व्होल्ट. स्प्रिंगही त्याच गल्लीत मिळाली.

यशिकाच्या पाठीवर सेल तपासायचं बटण आहे. ते दाबलं की वर फोटो मोजणाऱ्या इवल्या खिडकीत हिरवा उजेड पडतो. पडला! मामाला फोन केला. तो म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?" तो अगदी उलटं म्हणत होता, पण असो.

मात्र हा हिरवा दिवा सेलबद्दल बोलतो, कॅमेऱ्याबद्दल नाही. माझ्याकडे कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते आणि प्रत्येक जण मान डोलावून पुन्हा दिव्याकडेच बघतो. खरी परीक्षा अशी: रोल न घालता पाठ उघडी ठेवायची, छिद्र एफ १६वर न्यायचं, संध्याकाळी दिवे न लावलेल्या खोलीत बसायचं आणि बटण दाबून धरायचं. शटर उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज वेगवेगळा ऐकू यायला हवा, मध्ये सेकंद-दोन सेकंदांची शांतता हवी. माझ्या यशिकात ते एकदा उघडं राही, एकदा चटकन मिटे. उजेड तोच, खोली तीच. शिवाय रोल पुढे ढकलायचा खटका ओढताना शेवटाकडे एक 'टक्' ऐकू यायला हवं, ते नव्हतं. आतली रबराची छोटी गादी वयोमानानं विरघळली की असं होतं. यशिकावाले तिला 'पॅड ऑफ डेथ' म्हणतात. तिथे माझं शिक्षण संपतं. मुंबईला फोर्टात, बोरा बाजारातल्या एका कारागिरानं ती बसवून दिली. कॅमेरा हातात घेताच त्यानं दिव्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. खटका ओढून कानाशी धरला.

एक यशिका बरा झाल्याची बातमी पसरली आणि नातेवाइकांची कपाटं उघडली. एका सहकाऱ्याचा पेंटॅक्स के १००० आला, 'मीटर मेलंय' अशा तक्रारीसह. या कॅमेऱ्याचं शटर पूर्ण यांत्रिक, सेल फक्त मीटरला. मीटर बंद करायचं बटणच कंपनीनं दिलेलं नाही. लेन्सवर झाकण घातलं की अंधार, आणि अंधार म्हणजे मीटर झोपलं. याचं झाकण हरवून वर्षं लोटलेली. घड्याळवाल्याकडून एसआर४४, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचा सेल आणला, काटा हलला. झाकण घ्या म्हणून बजावलं. एलआर४४ आणि एसआर४४ आकारानं एकच, किमतीत फरक. मीटरसाठी मी दुसराच घेते. अल्कलाइन सेलचा दाब वापरागणिक उतरत जातो, चांदीवाला शेवटपर्यंत टिकवून धरतो. अल्कलाइन सेल मल्टिमीटरवर नुसता धरला तर दमलेला असूनही बरा आकडा दाखवतो. काम पडल्यावर त्याचा दम निघतो.

मिनोल्टा एसआरटी १०१ हे मात्र अवघड जागेचं दुखणं. हा १९६६चा कॅमेरा, पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेला. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल आज मिळतो, पण १.५ व्होल्टचा. बसतो, काटा हलतो, तळावरची सेलची तपासणी उत्तीर्ण होते, आणि मीटर खोटं बोलतं. जास्त दाबानं काटा जास्त वळतो, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर, आणि फोटो काळपट येतात. फोनवरच्या मीटरशी ताडून बघितलं तर पाऊण-एक स्टॉपचा फरक. रंगीत निगेटिव्ह जास्त उजेड पोटात घालते, कमी उजेड घालत नाही. म्हणजे चूक नेमकी नको त्या बाजूला.

उपाय माझ्या घरातच होता. सासूबाईंच्या श्रवणयंत्राचे ६७५ नंबरचे सेल, निळ्या चिकटपट्टीचे. ते झिंक-एअरचे, १.४ व्होल्टचे आणि दाब छान टिकवणारे. पट्टी काढली की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. मिनिटभर थांबून मगच बसवायचा. व्यास कमी, म्हणून भोवती रबराची रिंग.

"अगं, माझ्या कानातलं कॅमेऱ्याला कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"एकच घेते, आई."

"घे, पण ऐकू त्याला येणार की तुला?"

हा सेल एकदा जागा झाला की वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. मिनोल्टावाल्यांना तो जाच वाटला. मला वाटत नाही. ज्याला वर्षातून दोन रोल काढायचे आहेत त्यानं त्या दोन वेळी नवा सेल घालावा आणि काम झालं की काढून ठेवावा. कपाटात सेलसकट ठेवलेले कॅमेरे मी फार उघडले आहेत. आग्फा क्लिक थ्री किंवा ऑलिंपस ट्रिप ३५ घेऊन येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवते. पहिल्यात वीज नाहीच, दुसऱ्यात लेन्सभोवतीचा सेलेनियमचा पट्टा उजेडावर चालतो.

अलीकडे पुतण्याला फिल्मचा नाद लागला आहे. त्याला कॅनन एई-१ हवा होता. १९७६चा हा कॅमेरा सेलशिवाय दगड: शटर वाजत नाही, काटा हलत नाही, त्यामुळे बाजारात 'टेस्ट केलेला नाही' या चिठ्ठीखाली खपतो. विकणाऱ्याला एक सेल परवडत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. आम्ही मुंबईला चोर बाजारात मटण स्ट्रीटला गेलो, ४एलआर४४ पर्समध्ये घेऊन. एका फळीवर एई-१ दिसला. सेलचं दार पुढच्या अंगाला असतं आणि त्याची प्लास्टिकची कडी लोक स्क्रूड्रायव्हरनं मोडतात. इथे ती शाबूत होती. आत गंज नाही. सेल बसवला, डावीकडे रिवाइंडच्या खटक्याशेजारचं काळं बटण दाबलं आणि पुतण्याला आत बघायला सांगितलं. काटा ५.६च्या खुणेखाली जाऊन थांबला. मग शटर वेगवेगळ्या वेळांवर दाबून बघितलं, एक सेकंद एक सेकंदासारखा वाजला.

"चालतोय की काकू!" पुतण्या मोठ्यानं म्हणाला.

दुकानदारानं मान वर केली आणि किंमत हजारानं वाढवली. मी सेल काढून पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, आता जुन्या भावात द्या. तो हसला, पण जुन्या भावावर काही आला नाही. हजाराऐवजी पाचशेच्या वाढीवर तडजोड झाली.