हाड!

गोल्डन गेट पार्कमधलं रान माणसाने लावलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या या बाजूला पूर्वी नुसत्या वाळूच्या टेकड्या. १८७० नंतर त्यांवर सायप्रस, पाइन, निलगिरी लावली, तळी खोदली, एक धबधबासुद्धा बांधून काढला. पुढे बायसन आणून कुंपणात ठेवले. कायोटीला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. विसाव्या शतकात शहरातून नाहीसा झालेला हा प्राणी २००० नंतरच्या काही वर्षांत परतला आणि इथलाच झाला. अमेरिकेने त्याला विष घातलं, सापळे लावले, सरकारी शिकारी नेमले. लाखोंनी मारला, तरी तो पसरतच गेला. लांडगे संपवले, त्यांची मोकळी जागाही यालाच मिळाली.

अंगाने आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा बराच लहान. पाय काटकुळे, कान मोठे, शेपटीचं टोक काळं. मला दिसला तो जूनमधल्या धुक्यात, ओल्या गवतात मान तिरकी करून उभा. जमिनीखाली गोफर माती उकरत असावा. कायोटीचा एक कान हलला. मग चारही पाय एकदम उचलून तो कमानीसारखा उडाला आणि नाक खुपसूनच उतरला. दोनदा चावला, गिळलं, जीभ फिरवली. एवढं झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. पिवळे डोळे, त्यांत ना भीती ना ओळख.

माझ्या पिशवीत बिस्किटं होती आणि हात तिकडे गेलाच. आमच्या घरी भाकरीचा शेवटचा चतकोर गल्लीतल्या कुत्र्याचा असे. दारातलं जनावर उपाशी जाऊ द्यायचं नाही, हे न शिकवता शिकलेलो आम्ही. इथे तोच चतकोर त्याच्या जिवावर उठतो. व्हँकूव्हरच्या स्टॅन्ली पार्कमध्ये लोक खाऊ घालत गेले, कायोटी धीट झाले, माणसांना चावू लागले. २०२१ मध्ये अकरा कायोटी मारावे लागले. याच गोल्डन गेट पार्कच्या वनस्पती उद्यानात जून २०२४ मध्ये पाच वर्षांच्या मुलीला कायोटी चावला, आणि तीन कायोटींना गोळ्या घातल्या. तिथे खाऊपेक्षा जवळपासच्या पिल्लांचं कारण असेल. वसंतात पिल्लं होतात आणि उन्हाळाभर आईबाप कुणाला, विशेषतः कुत्र्यांना, जवळ फिरकू देत नाहीत. पण गोळी घालणारा एवढं विचारत बसत नाही. त्या मुलीच्या आईच्या जागी मी असते तर मीही बसले नसते.

म्हणून इथले जाणकार सांगतात: पळू नका, पाठ फिरवू नका, हात वर करून मोठे दिसा, ओरडा. पिल्लांची जागा असेल तर त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. मोकळ्या कुरणात बीळ दिसत नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या आणि तोंडातून आपोआप निघालं, "हाड! हाड!" इंग्रजीत ओरडायचं सुचलंच नाही. त्याने जरा कंटाळल्यासारखं पाहिलं आणि दुडक्या चालीने झुडपांत शिरला. धावत जाणारा एक तरुण तेवढा माझ्याकडे वळून वळून बघत गेला.

पुढच्या वळणावर एक आजीबाई बाकावर बसून कावळ्यांना पाव कुस्करून घालत होत्या. तो चुरा रात्री उंदीर खाणार, उंदरांमागे हा येणार. मी थांबले, हसले, त्याही हसल्या. आता त्यांना काही हाड म्हणता येत नव्हतं.