फातुमाची दौड

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ सालीच सुरू झाली; परंतु ४२ किलोमीटरांहून अधिक धावणे स्त्रीच्या नाजूक शरीरास झेपणार नाही, अशा समजुतीने स्त्रियांना १९८४ पर्यंत वाट पाहावी लागली. इथिओपियातील आर्सीच्या उंच पठारावर, शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या फातुमा रोबाने या समजुतीस पायांनीच उत्तर दिले. १९९६ साली अटलांटा येथे तिने हे अंतर २ तास २६ मिनिटे ५ सेकंदांत तोडले, तेव्हा दुसरी धावपटू तब्बल २ मिनिटे मागे होती. ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारी ती पहिली आफ्रिकी स्त्री होय. पुढे १९९७ पासून सलग तीन वर्षे बोस्टनची मॅरेथॉनही तिनेच जिंकली. कोणाच्या अंगी किती बळ आहे, हे त्यास धावू दिल्यावाचून कसे बरे कळावे?