बंद खड्ड्याची राखण

मेहरूण, जळगाव

प्रिय मित्रा,

बोरं यंदा झकास आली आहेत. पण तू फोनवर विचारलंस, कारखान्याच्या आवारातला घातक कचऱ्याचा खड्डा बंद करतात म्हणजे नेमकं काय करतात, ते नीट सांगायचं राहून गेलं.

खड्डा माती लोटून बुजवायची मुभा कायद्यात नाही. 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार आवारातला खड्डा ज्याचा, तो नीट बंद करण्याची आणि त्यानंतरही सांभाळण्याची जबाबदारी त्याचीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत हा सांभाळ 30 वर्षांचा आहे. खाली झिरपलेलं पाणी उपसायचं, आजूबाजूच्या बोअरचं पाणी तपासत राहायचं.

मला काळजी वाटते ती वरच्या झाकणाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. नुसत्या चिकणमातीचं झाकण असेल तर तेही असंच तडकणार, आणि मृगाचा पहिला पाऊस सरळ आत जाणार. म्हणून चिकणमातीवर जाड प्लास्टिकचा पडदा, त्यावर पाणी वाहून जायला वाळूखडीचा थर आणि सगळ्यात वर माती नि गवत घालतात. गवतच हवं. वेडी बाभूळ रुजली की मुळं खोल शिरतात, म्हणून दर पावसाळ्यानंतर कुणीतरी जाऊन ती उपटलीच पाहिजे. आत गेलेलं पाणी आपल्या काळ्या पाषाणाच्या फटींतून कुठल्या विहिरीत निघेल, ते वरून दिसत नाही.

आणि कंपनीच बंद पडली तर? भोपाळचं बघ ना. दुर्घटना 1984 ची. आवारात पडून राहिलेला 337 टन कचरा हलला 2025 च्या जानेवारीत. बारा कंटेनर भरून तो पीथमपूरला नेला, म्हणजे आपल्या धुळ्याहून आग्रा रोडने निघालं की इंदूरच्या अलीकडे. जून संपेपर्यंत तो जाळला. चाळीस वर्षं गेली, आणि मातीत मुरलेलं अजून तिथेच आहे.

तुझ्या अमेरिकेतल्या बफेलोजवळचं लव्ह कॅनॉल याहून बोलकं. हूकर कंपनीने सुमारे 20 हजार टन रसायनं पुरलेली जागा 1953 मध्ये एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. खरेदीखतात धोक्याची सूचना होती, तरी वर शाळा झाली, शेजारी घरं झाली. 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून माणसं हलवावी लागली. पुढे हूकर विकत घेणाऱ्या ऑक्सिडेंटलवर खर्चाची आणि देखभालीची जबाबदारी आली. मला हेच पटतं: कारखाना घेणाऱ्याने खड्डाही घेतला.

आपल्याकडे एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि मधेच हस्तांतरित होतो. म्हणून त्या करारातच खड्डा ठळक नोंदवावा, नकाशासकट. आणि जागा एमआयडीसीबाहेरची असेल तर सातबाऱ्यावर. शिवाय तीस वर्षांच्या राखणीचे पैसे कारखाना चालू असतानाच, नफा हातात येतो तेव्हा, वेगळ्या खात्यात भरून घ्यावेत. टाळं लागल्यावर मागायचे कुणाकडे?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र